इंग्लंडच्या खेड्यात राहायला गेल्यावर गावचं कुठे कळतं?

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. लंडनजवळच्या स्लाऊमधली दहा वर्षं सोडून तुम्ही मागच्या उन्हाळ्यात सफोक या काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) एका लहान गावात राहायला गेलात. घरामागच्या शेतात ४० घरांचा अर्ज आलाय हे तुम्हाला शेजारच्या बाईंकडून कळलं, तेही हरकतीची मुदत संपायला आठवडा उरला असताना. "अख्ख्या गावाला माहीत होतं, मग आम्हालाच कसं नाही?" हा एक प्रश्न. दुसरा असा, की पॅरिश कौन्सिल ही चर्चची कमिटी ना, मग आम्ही हिंदू तिथे जाऊ शकतो का?

जाऊ शकता. बसून ऐकता येईल, बोलता येईल, तिच्या निवडणुकीत मतदान करता येईल, आणि तुमच्याकडे इथला कायम रहिवास असेल तर निवडूनही येता येईल. मी श्रॉपशरमधल्या दोन लहान गावांच्या पॅरिश कौन्सिलची क्लार्क आहे, बारा वर्षं झाली. खाली लिहिते ते रोजच्या कामातलं आहे. आणि "आम्हालाच कसं कळलं नाही" ही तुमची रुखरुख मला नीट कळते, कारण गावातले पहिले दोन हिवाळे मीही तिच्यातच काढले.

पॅरिश हा शब्द मुळात चर्चचाच, त्यामुळे तुमचा समज साहजिक आहे. एका चर्चच्या हद्दीतला मुलूख तो पॅरिश. पण इंग्लंडमध्ये गावगाड्याची कामंही याच हद्दीवर सोपवली गेली. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायला लावली. १५५५ च्या कायद्यानं रस्त्यांची डागडुजी पॅरिशच्या गळ्यात आली, १६०१ च्या कायद्यानं गोरगरिबांचा सांभाळ. हा कारभार चर्चमध्ये जमणारी गावकऱ्यांची सभा बघायची, तिला व्हेस्ट्री म्हणत. १८९४ च्या कायद्यानं गावकीची कामं तिथून काढून निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे दिली. तेव्हापासून गावात दोन वेगळी मंडळं आहेत आणि नावांतल्या सारखेपणामुळे भलेभले गोंधळतात. पॅरोकियल चर्च कौन्सिल चर्चचं छप्पर, प्रार्थना, घंटा हे बघते. पॅरिश कौन्सिल गावाचं बघते. पुष्कळ ठिकाणी दोघींच्या हद्दीसुद्धा जुळत नाहीत. व्हिकारला, म्हणजे चर्चच्या पाद्रीबाबांना, पॅरिश कौन्सिलमध्ये पदामुळे जागा मिळत नाही, हवी असेल तर तुमच्याआमच्यासारखं निवडूनच यावं लागतं.

माझे वडील वाई तालुक्यातल्या आमच्या गावी दोनदा पंचायतीत निवडून आले होते, त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं, ही तर ग्रामपंचायतच. बरंच जुळतंही. पण दोन फरक लक्षात ठेवा. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा माणूस, बदलून येतो आणि बदलून जातो. इथला क्लार्क कौन्सिलनंच नेमलेला असतो, लहान गावात आठवड्याला जेमतेम आठ-दहा तासांचा, आणि सभेची नोटीस, हिशेब, पत्रव्यवहार सगळं त्याच्याच हातात. दुसरं म्हणजे चेअरमन हा सरपंच नव्हे. सदस्य दरवर्षी मे महिन्यात आपल्यातूनच त्याला निवडतात आणि त्याला एकट्याला कुठलाही निर्णय घेता येत नाही. तेव्हा "चेअरमनना भेटून घ्या, काम होईल" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. भेटा जरूर, पण काम सभेतल्या ठरावानं होतं.

इंग्लंडमध्ये अशा सुमारे १०,००० कौन्सिल आहेत. काही मोठ्या शहरांच्या आहेत, बहुतेक आपल्यासारख्या खेड्यांच्या. अगदीच लहान गावात कौन्सिलही नसते, मतदारांची सभाच कारभार बघते. तुमच्या कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराच्या, बिलात पॅरिशची एक वेगळी ओळ दिसेल. तिला प्रिसेप्ट म्हणतात आणि बहुतेक गावांचा सगळा संसार तेवढ्यावर चालतो: गवत कापणं, मुलांच्या झोपाळ्यांची तपासणी, बाकं, विमा, दफनभूमी, भाजीपाल्याचे वाफे, क्लार्कचा पगार. सदस्य सहसा एक पैसा घेत नाहीत. रस्त्यातले खड्डे सगळ्या काउंटीच्या कौन्सिलचे, कचरा आणि घरबांधणीचे अर्ज तिच्याखालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे. सफोकमध्ये आजवर या तीन पायऱ्या चालत आल्या. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारनं काउंटी आणि डिस्ट्रिक्ट एकत्र करायचं धोरण जाहीर केलं आहे, तेव्हा वरच्या दोन पायऱ्यांची रचना बदलेल. पॅरिश मात्र तिथेच राहते.

आता मुख्य मुद्दा. गावातली सगळ्यात ताजी, सगळ्यात खरी बातमी कौन्सिलच्या सूचनाफलकावर असते आणि ती म्हणजे पुढच्या सभेची विषयपत्रिका. कायद्यानं ती सभेच्या किमान तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते. लावल्याचा दिवस, सभेचा दिवस आणि रविवार यात धरत नाहीत, म्हणून मंगळवारच्या सभेची पत्रिका मी आदल्या गुरुवारीच लावते. आणि जे पत्रिकेवर नाही त्यावर सभेला निर्णय घेता येत नाही. याचा अर्थ नीट बघा. गावात जे काही ठरणार आहे ते ठरण्याआधी कागदावर येतं आणि भर रस्त्यात लटकतं. गावाकडे पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा तेव्हा माणूस घरात असला तरी ऐकू यायचं. इथली दवंडी मुकी आहे, तिच्यापर्यंत चालत जावं लागतं. इतिवृत्तं वेबसाइटवर मिळतात, पण ती झालेल्या गोष्टींची. ती वाचून हरकत घेणं म्हणजे वरातीमागून घोडं.

माझा एक फलक बस थांब्याशेजारी आहे, ओक लाकडाचा, काचेचं दार, किल्ली माझ्या गाडीच्या चाव्यांत. पावसाळी दिवसांत खालच्या फटीतून गोगलगायी आत शिरतात आणि कागद खातात. एकदा तारखेवरचा कोपराच खाल्ला होता. तेव्हापासून मी पत्रिका वरच्या भागात लावते आणि पितळी पिना वापरते, लोखंडी पिनांचा गंज अक्षरांवर ओघळतो. कागद टोचत असताना कोण थांबतं हे मला पाठ झालंय. कुत्रा फिरवणारे एक आजोबा, शाळेच्या बसची वाट बघणारी एक आई, आणि एक निवृत्त नर्स, त्या चष्मा विसरल्या की मला वाचून दाखवायला लावतात. गावातल्या निम्म्या गोष्टी या तिघांमुळे पसरतात. तुमच्या शेजारच्या बाईही अशांपैकीच असणार. कुणी तुम्हाला मुद्दाम अंधारात ठेवलेलं नाही. फलकाशी थांबणाऱ्यांच्या ओळखीत तुम्ही अजून आला नाहीत, एवढंच.

सभेला जायचा हक्क १९६० च्या कायद्यानं पक्का केला आहे. लंडनमधल्या फिंचलीहून नव्यानं निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी तो खासगी विधेयक म्हणून आणला आणि ब्रिटिश संसदेतलं आपलं पहिलंच भाषण त्यावर केलं. त्या कायद्यानं हजर राहण्याचा हक्क मिळतो, बोलण्याचा नाही. पण जवळपास प्रत्येक कौन्सिल सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं गावकऱ्यांसाठी ठेवते, माणशी तीनेक मिनिटं. तुमचं म्हणणं घरी लिहून न्या आणि घड्याळ लावून एकदा मोठ्यानं वाचा. सभा सुरू झाल्यावर मधे बोलायचं नसतं. ते कानकोंडं वाटेल, पण तोच नियम सगळ्यांना आहे. खोलीत पाच-सात सदस्य, क्लार्क आणि बहुतेक वेळा दोनच गावकरी असतील. म्हणून तिथे एका माणसाच्या बोलण्याला वजन येतं.

वर्षातून एकदा, १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान, गावाची वार्षिक सभा भरते. ती आपल्या ग्रामसभेच्या जवळची: कौन्सिलची नव्हे, मतदारांची सभा. तिला चुकवू नका. जुलै लागायच्या आधी हिशेब बघायची नोटीसही फलकावर लागते. कामाचे ३० दिवस, त्यात जुलैचे पहिले दहा कामाचे दिवस आलेच पाहिजेत. त्या काळात कुणाही हितसंबंधी माणसाला पावत्यांसकट वह्या मागता येतात. आम्ही क्लार्क याला घाबरतो असा समज आहे. मला तरी कुणी वह्या बघायला आलं की बरं वाटतं.

आता तुमच्या ४० घरांविषयी. निर्णय पॅरिश कौन्सिल घेत नाही, तिचं मत विचारलं जातं. निर्णय डिस्ट्रिक्टचा. मत कळवायला साधारण २१ दिवस मिळतात, आणि एवढ्या मोठ्या अर्जावर निर्णयासाठी १३ आठवड्यांची मुदत असते. मुदतीनंतर आलेलं पत्रही निर्णय होईपर्यंत सहसा वाचलं जातं, पण त्यावर विसंबू नका.

पत्रात काय लिहायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. "आमच्या खिडकीतून दिसणारा देखावा जाईल" आणि "घराची किंमत उतरेल" या दोन तक्रारी प्रत्येक अर्जावर येतात, आणि कायद्याच्या दृष्टीनं त्या बादच असतात. पाणी कुठे जाणार, नव्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी किती अंतरावरून दिसते, तुमच्या अंगणात कुणाची खिडकी डोकावणार, शाळेत जागा आहे का, कुठली जुनी झाडं जाणार, या मुद्द्यांना उत्तर द्यावं लागतं. ५० जणांनी सही केलेल्या एकाच छापील मजकुरापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारी पाच पत्रं जास्त काम करतात.

माझ्या एका गावात काही वर्षांपूर्वी २२ घरांचा अर्ज होता. नकाशात सगळं ठाकठीक, पावसाचं पाणी शेताच्या कडेच्या चरात सोडणार असं लिहिलेलं. सभेला एक निवृत्त शेतकरी आले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, त्यात तीन फोटो होते, वेगवेगळ्या वर्षांच्या फेब्रुवारीतले. तिन्हींत तोच चर काठोकाठ भरलेला आणि शेताच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचलेलं. एका फोटोत त्यांनी काठी उभी केली होती, तिच्यावर इंचांच्या खुणा. ते फार बोलले नाहीत. "इथे पाणी उभं राहतं, पन्नास वर्षं बघतोय," एवढंच म्हणाले. मी ते फोटो तारखांसकट कौन्सिलच्या पत्राला जोडले. पूर बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी अर्जदाराला पाण्याचा हिशेब नव्यानं करायला लावला. शेवटी १६ घरं झाली आणि खालचा कोपरा तळ्यासाठी राखला गेला. ते आजोबा आता नाहीत. त्या तळ्याकाठी बदकं बसलेली दिसली की मला ती काठी आठवते. तुमच्या शेतात पाणी कुठे थांबतं हे तुम्हाला एका हिवाळ्यात जेवढं दिसलं असेल तेवढंच लिहा, आणि गावातल्या जुन्या माणसाला विचारा. त्याच्या कपाटात फोटो असतात.

एक चौकशी जरूर करा: गावाचा नेबरहुड प्लॅन आहे का? २०११ च्या लोकलिझम कायद्यानं गावाला स्वतःचा विकास आराखडा करून त्यावर गावात सार्वमत घेता येतं, आणि तो मंजूर झाला की डिस्ट्रिक्टला निर्णय घेताना तो धरावाच लागतो. जिथे नव्या घरांवर पायाभूत सोयींची आकारणी लागू आहे तिथे आराखडा असलेल्या पॅरिशला तिच्यातला २५ टक्के वाटा मिळतो, नसलेल्याला १५ टक्के. माझ्या दुसऱ्या गावाचा आराखडा व्हायला चार वर्षं लागली, खूप वाद झाले, पण तो केला याचा मला अभिमान आहे.

फलकानंतर मासिक. गावोगावी चालणाऱ्या या मासिकांची परंपरा १८५९ मध्ये डर्बीच्या जॉन अर्स्काइन क्लार्क नावाच्या पाद्रीबाबांनी सुरू केली. त्यांचा छापील अंक मधे आणि भोवती प्रत्येक गावाची आपापली पानं, अशी कल्पना. आज बहुतेक गावांचं मासिक म्हणजे अर्ध्या ए-फोर आकाराची, पिना मारलेली पुस्तिका. चर्चचं वेळापत्रक, कौन्सिलची बातमी, फिरत्या ग्रंथालयाच्या वेळा, धुराडं साफ करणाऱ्याची जाहिरात, हरवलेलं मांजर. तिला कमी लेखू नका. जिल्ह्याची साप्ताहिकं रोडावली आहेत. बीबीसीच्या पैशातून देशभर सुमारे १६५ बातमीदार स्थानिक कारभारावर नेमलेत, पण त्यांचं लक्ष काउंटी आणि मोठ्या कौन्सिलांकडे असतं. तुमच्या गावच्या चराविषयी लिहायला मासिकाशिवाय कुणी उरलेलं नाही.

मासिकाच्या संपादकांना फोन करा आणि म्हणा, "मी एक फेरी घेते." वाटायला माणूस कुठेच पुरत नाही. माझ्या वाट्याला ३४ घरं आली होती. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दारात गठ्ठा येऊन पडायचा, वर रबरबँडमध्ये घरांच्या नावांची यादी. नंबर नव्हतेच, नुसती नावं: जुनं टपालघर, गिरणीचं घर, चेरीचं झाड. पहिल्या महिन्यात मला अडीच तास लागले. सहाव्या महिन्यातही अडीचच लागले, कारण आता लोक दारात थांबवून बोलायला लागले होते. कोणाचा नवरा दवाखान्यात आहे, कोणाला गुडघ्यामुळे शनिवारची बस चढवत नाही, दुकान कोण विकायला काढतंय, सगळं त्या यादीच्या कडेनं मला कळत गेलं. मी क्लार्क झाले तीही अशीच. एका दारात कुणीतरी म्हणालं, जुन्या क्लार्कबाई निवृत्त होताहेत, तुम्ही अर्ज का करत नाही?

एक गोष्ट मात्र सलते ती सांगते. आमच्याकडची आठवड्यातली दोन दिवसांची बस बंद करायचं एका वरच्या कार्यालयानं ठरवलं तेव्हा लोकांचं मत मागवणारी सूचना फक्त त्यांच्या वेबसाइटवर टाकली. आमच्याकडे कागद आला नाही. कळलं तेव्हा मुदत उलटली होती. त्या बसनं दवाखान्यात जाणाऱ्या दोघी वृद्ध बायका होत्या, दोघींकडेही इंटरनेट नव्हतं. आता शेजारी त्यांना आळीपाळीनं नेतात, मीही नेते. पण त्या दिवसापासून मी त्या कार्यालयाची वेबसाइट दर सोमवारी उघडते आणि आमच्या गावाशी संबंधित ओळ दिसली की छापून फलकावर लावते.

गावच्या हॉलचं थोडक्यात. तो बहुधा कौन्सिलचा नसतो, धर्मादाय ट्रस्टचा असतो. पहिल्या महायुद्धानंतर मृतांच्या स्मरणार्थ बांधलेले असे हॉल पुष्कळ आहेत. समितीला खजिनदार नेहमीच हवा असतो. तुम्ही हिशेबातल्या आहात असं लिहिलंय, तेव्हा तुम्ही विचारलंत तर हातोहात घेतील. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुगीचा सण येईल. चर्चमधला हा सोहळा १८४३ मध्ये कॉर्नवॉलच्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर या पाद्रीबाबांनी सुरू केला असं मानतात. रात्रीचं जेवण हॉलमध्ये असतं आणि त्याला धर्म विचारत नाहीत.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी स्मारकापाशी जा. आमच्या दगडावर ११ नावं आहेत, त्यांतल्या तिघांचं आडनाव एकच. दरवर्षी ती मोठ्यानं वाचतात. ज्या वर्षी मला वाचायला सांगितलं त्या वर्षी तिसऱ्यांदा ते आडनाव उच्चारताना समोर त्याच घरातली बाई कडेवर नातवंड घेऊन उभी होती. त्या सकाळी मला हे गाव माझं वाटलं.

शेवटी मताधिकार. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तरी काळजी नको. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे इथे कायदेशीर वास्तव्याची परवानगी असलेल्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं. आपल्यातल्या अनेकांना हे माहीतच नसतं. उभं राहायला मात्र कायम रहिवास किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागतं, वय १८, आणि गावच्या मतदार यादीत नाव असलं की बाकीची अट पुरी होते. अनामत नाही, गावातल्या दोन मतदारांच्या सह्या पुरतात. मधेच जागा रिकामी झाली की फलकावर नोटीस लागते. दहा मतदारांनी मुदतीत निवडणूक मागितली नाही तर कौन्सिल कुणालातरी स्वीकृत सदस्य म्हणून घेते. पुष्कळ गावांत त्या जागा महिनोन् महिने रिकाम्या असतात. तुमच्याकडे एखादी आहे का, एवढं क्लार्कला विचारून ठेवा.

पण हे सगळं नंतर. या आठवड्यात आधी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर अर्ज उघडा आणि पाण्याच्या निचऱ्याचा अहवाल वाचा, तो शेवटच्या जोडपत्रांत दडलेला असतो. मग फलकापर्यंत चालत जा आणि पॅरिश कौन्सिलची सभा मुदतीआधी आहे का ते बघा. नसेल तर आजच क्लार्कला लिहा. आम्ही डिस्ट्रिक्टकडे मुदतवाढ मागू शकतो, आणि ती बहुधा देतातही. तुमचं पत्र शुक्रवारपर्यंत जाऊ द्या, एका पानाचं, आणि वरच्या कोपऱ्यात अर्जाचा क्रमांक लिहायला विसरू नका. त्याशिवाय ते योग्य फायलीत पोचत नाही.